दुसरा ब्रेक

बाईंच्या एका पायाला खोड होती. गाडी शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तो दाबण्यात बाईंची उमर गेली, आणि आता बसमध्ये, दुसऱ्याच्या गाडीत, झोपेतसुद्धा तो पाय काहीतरी दाबत असे. "अगं, पलंगाला ब्रेक नाहीये," नवरा म्हणायचा.

नवरा पुस्तकं बांधणारा. एकेकाळी त्याच्या बडबडीपुढे रेडिओ लावायची सोय नव्हती. पण त्याची नजर अधू होत चालली होती, समोर कायम धुकं असल्यासारखं, आणि पुढे तेवढंही राहणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. हात शाबूत होते, काम चालू होतं. अडत होतं ते पायांचं. घर शहराबाहेर, पाव आणायचा तरी गाडी काढा. दिवसभर बाई लोकांच्या पोरांना गाडी शिकवणार आणि संध्याकाळी नवऱ्याला न्हाव्याकडे नेऊन आणणार. कुठे जायचंय का विचारलं, तर तो म्हणायचा, "राहू दे, तुला कशाला त्रास." आणि खुर्चीत बसून राहायचा. तो चिडला असता तर बाईंना परवडलं असतं. ही समजूतदार शांतता त्यांना खायला उठायची.

म्हणून बाईंनी ठरवलं, की सगळं पायी करता येईल अशा वस्तीत घर घ्यायचं, आणि तेही आताच. थोडंफार दिसतंय तोवर रस्ते त्याच्या पायांना पाठ व्हायला हवेत. नंतर घेऊन काय उपयोग?

ठरवायला काय जातं! अशा वस्तीत सगळ्या जगाला राहायचं होतं. पाटी लागायचा अवकाश, की दारात रांग. एक घर तर हे दोघं जिना चढत असतानाच विकलं गेलं. दलाल बाईंचाच जुना विद्यार्थी, परीक्षेत तीनदा आपटलेला, त्यामुळे त्यांना अजून वचकून असायचा. तरी धीर करून सांगायचा, "बाई, घर आवडलं तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका. आणि साहेब, तुम्ही कौतुक करू नका हो. समोरचा लगेच हवेत जातो."

त्या दिवशी पाहायचं होतं ते घर सहा घरांच्या ओळीतलं तिसरं. गल्लीच्या खालच्या टोकाला बेकरी होती. घराच्या दारात गर्दी पाहून बाईंनी नवऱ्याला बाजूला घेतलं. "घर मी बघते. तुम्ही रस्ता बघा. एकट्यानं बेकरीत जा आणि परत या. येताना मागच्या रस्त्यानं वळसा घालून वरून गल्लीत शिरायचं, तिसरं दार."

आत मोरी, नळ, खिडक्या, ओल, सगळं पाहून झालं. घर लहान पण प्रसन्न होतं, आणि बाई चेहरा दगडासारखा ठेवून फिरत होत्या. नवरा मात्र आला नाही. गर्दी पांगू लागली तरी आला नाही. मग बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या धावत बेकरीत गेल्या.

"ते होय? मघाशीच गेले की," बेकरीवाला म्हणाला. "वळसा घालणार होते. मी म्हटलं, कशाला? सरळ वर जा."

"अहो, गल्ली एकेरी आहे!"

"गाड्यांना, बाई. ते चालत होते."

बाई तशाच गल्ली चढू लागल्या. आयुष्यभर लोकांना रस्ते शिकवले आणि सख्ख्या नवऱ्याला गाडी समजून रस्ता सांगितला! खालून गेला म्हणजे त्यानं दारंही खालून मोजली असणार. त्यानं तिसरं म्हणून धरलेलं दार शेजारचं होतं.

शेजारचं दार उघडंच होतं, आणि आतून त्याचं हसणं ऐकू आलं. पोटातून आलेलं, जुनं हसणं. बाईंनी ते इतक्या महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्या उंबऱ्यातच थांबल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

टेबलाशी तो बसला होता, पुढ्यात चहा. त्याच्याच पावाचे काप करत एक पांढऱ्या केसांची बाई डोळे पुसत हसत होती. "तुमचे का हे?" ती म्हणाली. "आले ते थेट बसलेच. म्हणतात, दलालानं बजावलंय, पण राहवत नाही, घर फार छान आहे, काय ते बोलून टाका. मी म्हटलं, घरमालकीण मीच, पण मी ते विकायला काढलंय हे मला आजच कळतंय!"

एवढ्यात विकायच्या घराचा खरा मालक, म्हातारा प्लंबर, काय गोंधळ आहे ते बघायला शेजारून आला. त्यालाही चहा मिळाला. दलाल दारात कपाळाला हात लावून उभा. झाकली मूठ पार उघडी पडली होती.

बाईंनी ऐपतीच्या टोकाचा आकडा कळवला. त्याहून मोठा आकडा दुसऱ्याचा होता, हेही त्यांना समजलं. त्यांनी आशा सोडली. आणि मग दलालाचा फोन आला. "बाई, पास! पास झालो आपण!"

किल्ली देताना म्हातारा म्हणाला, "मुलाकडे जातोय, त्याचं काही नाही. पण बायको गेल्यावर मला जेवू घातलं ते शेजारच्या मावशींनी. त्या भिंतीपलीकडे एकट्या राहणार, याचा घोर होता. जास्त देणाऱ्यानं पहिलं विचारलं, मधल्या भिंतीतून आवाज येतो का? तुमचे यजमान तर सरळ आतच जाऊन बसले."

आभार मानायचे सोडून बाई म्हणाल्या, "तुम्हाला गाडी शिकायची असेल तर सांगा, फुकट शिकवीन." नवरा म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी घर मागायला गेलो, शेजार आधी मिळाला."

पहिल्या सकाळी त्यानं पिशवी उचलली. "पाव आणतो." बाई उठल्या, परत बसल्या, मग खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली वळणावर एक टेम्पो येत होता. नवरा कडेला थांबला, मान तिरकी करून ऐकू लागला. बाईंचा पाय फरशीवर रुतला. टेम्पो गेला. तो आरामात पलीकडे पोचला.

परत येताना तो खालून दारं मोजत आला, हातानं एकेक चौकट चाचपत, आणि तिसऱ्या दाराशी थांबला. पुन्हा तेच! बाईंनी खिडकी उघडली, "पुढचं" म्हणायला तोंडही उघडलं. पण मावशींनी दार उघडलं आणि त्यानं पिशवीतून एक पाव काढून त्यांना दिला. दुसरा पिशवीतच होता. मावशी काहीतरी म्हणाल्या, तो मोठ्यानं हसला आणि चौथ्या दाराकडे वळला.

बाईंनी खाली पाहिलं. पाय अजून फरशी दाबून धरत होता. त्यांनी तो उचलला आणि चहा टाकायला गेल्या.