सव्वाअकराची लाल ओळ

आईची खुर्ची जाणार होती. जालना एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात ती सहा वर्षं निवडणीच्या पट्ट्यावर उभी राहिली, मग कॉम्प्युटर शिकली आणि पोत्यांचे टॅग छापायला बसली. पण महिनाभर रोज अकराच्या पुढं टॅगचं सॉफ्टवेअर अडकायचं आणि भरलेली पोती तुंबायची. मालक म्हणाले, आता एकदा जरी बंद पडलं तरी सोमवारपासून सत्यशीलाबाई पुन्हा पट्ट्यावर.

दोष आईचा, हे ठरवलं राधेश्याम सरांनी. हे सॉफ्टवेअरचे इंजिनिअर. संभाजीनगरात बसून फोनवर एकच मंत्र देतात, "मॅडम, बंद करून चालू करा." चालू झालं की मालकांना सांगतात, "सिस्टिम ओके आहे, बाईंना जमत नाही." आमचा कूलर मी पाचवीत असल्यापासून असाच दुरुस्त करते. मला कुणी डिग्री दिली नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी दप्तरासकट आईच्या टेबलापाशी जाऊन बसले.

"शाले, कशाला हात लावू नको."

"लावत न्हाई. नुसतं वाचते."

सॉफ्टवेअर स्वतः काय केलं, कुठं अडकलं, हे मिनिटागणिक लिहून ठेवतं. त्याला लॉग म्हणतात. तो वाचायचं टूल त्याच स्क्रीनच्या कोपऱ्यात पडून होतं, खुद्द सरांनीच टाकलेलं. मी उघडलं तर आधी स्वागताचा निरोप आला: आपण हे पहिल्यांदा वापरत आहात. म्हणजे सरांनी ते एकदाही उघडलं नव्हतं. महिनाभरात.

ओळी सरकत होत्या, सगळ्या हिरव्या. अकरा वाजून बारा मिनिटांनी एक लाल आली आणि प्रिंटर थांबला. आईनं डोळे मिटले. ओळ इंग्रजीत होती, पण दहावीच्या मुलीला कळेल एवढीच: लॉटचं रजिस्टर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडं आहे, त्यात टॅगचा नंबर लिहिता येत नाही. कॉम्प्युटरचं नाव: सुपरवायझर.

सुपरवायझर म्हणजे सर्जेराव काका, काचेच्या केबिनमधले. सव्वाअकराला मालकांचा राउंड असतो. रजिस्टर समोर उघडं असलं की माणूस कामात दिसतो, ही काकांची जुनी विद्या. कागदी रजिस्टर गेलं, तर हे स्क्रीनवरचं उघडून बसायला लागले. मालक गेले की बंद. त्याच वेळी आईचं बंद-चालू उरकायचं आणि श्रेय सरांच्या मंत्राला.

मालक केबिनपाशी आले तेव्हा मी तिथंच उभी होते. "काका, रजिस्टर बंद करा, टॅग निघतील."

"ही कोण?" मालकांनी विचारलं.

"माझी पोरगी, साहेब," आई मागून धावत आली. "शाळेतून आल्ती."

"रजिस्टर उघडल्यानं मशीन बंद पडतं व्हय?" काका हसले. "मी सकाळपासून काम करून राह्यलो, अन् ही पोरगी मला शिकवती."

"कोणत्या लॉटचं काम, काका?"

काकांनी स्क्रीनकडं पाहिलं. समोर पहिलंच पान होतं, कधीच सरलेल्या जानेवारीचं. त्यांनी ते बंद केलं आणि पलीकडं प्रिंटर खडखडला.

"एखाद्या वेळेस झालं असंल," मालक म्हणाले.

तेव्हा आईनं सगळ्यांना आपल्या टेबलापाशी नेलं आणि खणातून वही काढली. रोज किती वाजता अडकलं, ते तिनं लिहून ठेवलं होतं. सर या वहीला हसले होते. खरं तर मीही हसले होते, मशीन असताना वहीत कोण लिहितं म्हणून.

"सोमवार, अकरा चौदा," आई वाचायला लागली.

मी लॉगमध्ये मागं गेले. लाल ओळ. अकरा चौदा, सुपरवायझर.

"मंगळवार, अकरा अकरा."

"बराबर."

नववी नोंद जुळली तेव्हा मालकांनी हात वर केला आणि सरांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मी पण लॉगच बघणार होतो, साहेब," सर म्हणाले.

"मंग महिनाभर काय बघत होते?"

मग सर म्हणाले, "मॅडमनी एकदा बंद करून चालू केलं, तर..."

मालकांनी फोन बंद केला. चालू नाही केला.

सोमवारी आई तिच्या खुर्चीवर होती. सर्जेराव काकांना मालकांनी जाडजूड कागदी रजिस्टर आणून दिलंय. ते दिवसभर उघडं असतं. कुणाचं काही अडत नाही.