मागच्या गादीखालची टोलची डबी

मी टोलची डबी बोलतेय. टोलनाक्यावर गाडी न थांबताच समोरचा आडवा दांडा वर जातो ना, तो माझ्या सांगण्यावरून. गाडीवाल्यांना वाटतं, दांडा आपल्याला बघून सलाम ठोकतो. वाटू दे बापडं.

आकाराने मी साबणाच्या वडीएवढी. नाक्याच्या कमानीने हाक मारली की ओ द्यायची, एवढंच माझं काम, आणि त्यासाठी डोक्यावर मोकळं आकाश लागतं. जपानमधल्या शिझुओका गावच्या दुकानदार आराताने मला सेनबासानांच्या नव्याकोऱ्या मोटरसायकलच्या हँडलवर बसवलं तेव्हा बजावलं होतं, "हिला इथून हलवू नका हं."

सेनबासान नुकतेच निवृत्त झाले होते. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी हिरवा दिवा लागेपर्यंत फुटपाथवर ताटकळणारा माणूस. बायकोला, इत्सुकोबाईंना, घेऊन दूरदूर फिरायचं म्हणून त्यांनी ही ऐसपैस गाडी घेतली. पण मागची गादी रिकामीच राहिली. दर रविवारी ते एकटे महामार्गावरच्या विश्रांतीथांब्यावर जात, मित्रांच्या गाड्यांशेजारी आपली गाडी लावत आणि सगळे मिळून गाड्यांकडे टक लावून नूडल्स ओढत. याला ते सहल म्हणतात.

अशाच एका रविवारी कुरोकी नावाच्या मित्राने मला न्याहाळलं. "सेनबा, गाडी झकास रे! पण नाकावर ही चामखीळ कसली?"

सगळे हसले. सेनबासानही हसले, पण नूडल्स तशाच टाकून उठले. घरी येताच त्यांनी शेजारी कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि मला उचकटून मागच्या गादीखाली कोंबलं. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला, तोही चामखिळीपायी! गादी स्पंजची, त्यामुळे तिथूनही माझं कसंबसं भागायचं. दांडा उघडायचा आणि सेनबासानांना आपण आरातापेक्षा शहाणे आहोत असं वाटायचं.

मग एकदाच्या इत्सुकोबाई तयार झाल्या. त्यांना माहेरचा समुद्र बघायचा होता. "येते, पण चारचौघांत मान खाली घालावी लागली तर पुन्हा या गाडीवर बसायचं नाव काढायचं नाही." त्यांनी भाताचे मुटके फुलाफुलांच्या कापडात बांधले आणि मागे बसल्या.

माझ्यावर काळोख पसरला. नाक्यावर कमानीने हाक मारली. मी घसा फोडून ओ दिली, पण ती इत्सुकोबाईंच्या वर काही गेली नाही. दांडा हलला नाही. करकचून ब्रेक लागला आणि दोघांची हेल्मेटं एकमेकांवर आपटली.

मागे रांग लागली. कुणी हॉर्न वाजवला नाही, आणि तेच जास्त झोंबतं. सेनबासान उतरून एकेका गाडीपुढे कमरेत वाकू लागले. इत्सुकोबाईही मुटक्यांचं गाठोडं छातीशी धरून वाकल्या.

"कृपया गाडीजवळच थांबा," खांबावरचा कर्णा म्हणाला. "डबी कुठे बसवलीय?"

सेनबासान काहीतरी पुटपुटले.

"ऐकू येत नाही. मोठ्याने सांगा."

"बायकोच्या खाली!"

मागच्या ट्रकवाल्याने सभ्यपणे तोंड फिरवलं. मग दांडा वर गेला.

विश्रांतीथांब्यावर उतरताच इत्सुकोबाई म्हणाल्या, "मी बसने घरी जाते."

"अगं, चूक झाली. लोक हसले म्हणून..."

"लाज वाटते ती वस्तू मागे दडपायची, आणि कामात मात्र तिने कसूर करायची नाही. अहो, इतकी वर्षं माझंही हेच झालं. एवढ्या रविवारांत तुमच्या मित्रांना माझं नाव तरी ठाऊक आहे का?"

सेनबासानांनी गादी उचलली, मला बाहेर काढलं आणि मुटक्यांच्या कापडाने हँडलला घट्ट बांधलं. माझं कपाळ तेवढं उघडं राहिलं. किती दिवसांनी मला आकाश दिसलं! रडता येत असतं तर रडले असते.

तेवढ्यात नूडल्सचे वाडगे घेऊन कुरोकी टोळीसकट हजर. "अरे सेनबा! आता चामखिळीला फडकंही बांधलंस?"

सेनबासानांचे कान लाल झाले. गाठीकडे त्यांचा हात गेला. आता मला परत काळोखात ढकलतात की काय, म्हणून माझा जीव अर्धा झाला. पण त्यांनी गाठ आणखी आवळली.

"राहू दे तिला तिथेच. तिला समोरचं दिसायला हवं," ते म्हणाले. "आणि ही इत्सुको. माझी बायको. समुद्र बघायला निघालोय."

सगळे झटकन वाकले. कुरोकी तर इतका वाकला की नूडल्सचा रस्सा बुटांवर सांडला. इत्सुकोबाईंनी त्याच्या हातात एक मुटका ठेवला आणि गाडीवर बसल्या.

पुढच्या नाक्यावर कमानीने हाक मारली. मी ओ दिली, दांडा वर गेला, आणि सवयीने दोघंही त्याच्यापुढे वाकले.

अजून मी हँडलवरच आहे, फुलाफुलांच्या कापडासकट. आराताने नवे स्क्रू देऊ केले, तर सेनबासान नको म्हणाले. गाडीवाल्यांनो, तुमची डबी खुशाल नाकावर लावा. आणि मागे कुणी बसलं असेल, तर तिचं नाव मित्रांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर एक दिवस कर्ण्याला ओरडून तिची ओळख करून द्यावी लागेल.