शिंदीखान्यातलं हळदीकुंकू

शिंदीखान्यात हळदीकुंकू ठेवायचं महानंदानं काढलं, तेव्हा तिच्या सासऱ्यांना, बब्रुवान मालकांना, आधी ठसका लागला आणि मग हसू फुटलं.

"ठेवा सूनबाई. हळदीकुंकवाला कोन बाई न्हाई म्हनती? एकदा आत येऊ द्या. मग बघू नळावर कशा तोंडं चालवत्यात."

संक्रांत होऊन गेली होती. रविवारी गावातल्या बायकांचं मतदान होतं. कागदावर दोन चित्रं असणार, एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला, की शिंदीखान्याला, म्हणजे बब्रुवानांच्या देशी दारूच्या दुकानाला, कायमचं कुलूप.

ते कुलूप महानंदाला नको होतं. देशीच्या वासानं तिलाही मळमळायचं. पण जागा! निजामाच्या काळातली ती लांबट खोली, अणदूरपासून कोसभर आत, ओढ्याच्या काठाला. आत दगडी बाक, आणि बाकात गाडगं टेकवायला कोरलेले वाटोळे खळगे, पिढ्यान् पिढ्या घासून गुळगुळीत झालेले. भिंतीत कोनाडे, समोर सागवानाची फळी, वर हिरव्या-लाल काचांची तावदानं. ओढ्याकाठच्या झाडांची शिंदी अजून पहाटे उतरायची. पांढरी, फेसाळ, आंबवलेल्या पिठासारख्या वासाची. दुपारी दुकान बंद असायचं, तेव्हा सृष्टीला झोळीत निजवून महानंदा तिथं चित्रं काढत बसे. लाल काचेचा कवडसा लेकीच्या पावलावर पडला, की झोपेतच ती अंगठा हलवायची. देशीची खोकी हलवावीत, नुसती ताजी शिंदी ठेवावी, लांबलांबून लोकांनी ही खोली बघायला यावं, असं महानंदाच्या मनात होतं. नवरा, इंद्रजित, पुण्याला कंपनीत. तो फोनवर म्हणायचा, "आबांना इचार."

गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गावाला ती दारूवाल्याची सून. ती नळावर आली की बायका घागरी सरकवून तिची जागा बुजवायच्या. अंगणवाडीत एकीनं तिला बघून आपलं पोर उचललं आणि दुसऱ्या कडेवर घेतलं.

'एकदा बघतील तर त्यांचंही मन वळेल,' एवढ्याच भरवशावर ती कामाला लागली. माळ्यावर एक पोतं सापडलं. तांब्या-पितळेची भांडी, काळीठिक्कर पडलेली. सासऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "अडगळ हाय ती. पायजे ते करा." सृष्टी निजली की ती चिंचेनं एकेक घासायची. काठांवर ठिपक्याठिपक्यांची नावं निघाली. तिला वाटलं, जुन्या गिऱ्हाइकांनी प्यायला घरचीच भांडी आणून इथं ठेवलेली असतील. कौतुकानं तिनं ती कोनाड्यांत मांडली. नावं दिसतील अशी.

शुक्रवारी दुपारी बायका आल्या. पायातल्या चपला काढाव्यात की नाही, यावरून दारातच कुजबूज झाली. शेवटी चपलांसकट आत आल्या.

"बसा की," महानंदा म्हणाली.

"कुठं बसू? आमच्या ह्यांच्या जागंवर?" नळावरची शिवलीला म्हणाली. दोघीतिघी हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं.

महानंदानं कुंकवाचा करंडा उचलला, तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला. दगडाबाई. मतदानासाठी घरोघर फिरून सह्या-अंगठे गोळा केलेली म्हातारी.

"मला बोलावनं न्हाई आलं."

महानंदा गडबडली. "आजी, ते... हळदीकुंकू होतं म्हणून..."

"म्हनून इधवेला कशाला बोलवायचं. बराबर हाय." दगडाबाईनं काठीनं भिंतीकडचा बाक दाखवला. "माझं कुंकू ह्या बाकावर पुसलं बग. हितून उचलून न्हेला त्याला. आता दाव तुझा म्हाल."

तरी महानंदा खळगे दाखवू लागली, काचा दाखवू लागली. कुणी मान हलवली नाही. मग शिवलीला कोनाड्यापाशी थांबली. एक तांब्या उचलून उजेडात धरला.

"दगडामावशी, हे वाचू का? 'चि. सौ. कां. दगडाबाई हिस मामाकडून.'"

दगडाबाईनं तांब्या हातात घेतला, अंगठ्यानं काठ चाचपला.

"चोरीला गेला म्हनून सांगितलं हुतं माझ्या दादल्यानं मला. सोयरीक तुटली माजी भावाच्या घरची, ह्याच्यापायी. वैनीवर आळ घेतला म्या."

मग एकदम सगळ्या कोनाड्यांकडे धावल्या. "ह्ये माझ्या सासूचं!" "आगं, ही परात न्हवं का आक्काची?" "घासून चकचकीत करून मांडलीत की बयेनं! आमच्याच घरची भांडी आमालाच दाखवायला!"

"मला माहीत नव्हतं," महानंदा म्हणाली.

"नाव वाचता येतंय न्हवं तुला?"

गलका ऐकून बब्रुवान आत आले. "ठेवा ती भांडी जाग्यावर! ती दिऊन दारू पिऊन गेल्यात तुमचे बाप आन् दादले. फुकट न्हाई घेतली. सूनबाई, काढून घ्या त्यांच्या हातातनं."

सगळ्या थांबल्या. सगळ्यांची नजर महानंदावर. तिनं कडेवरची सृष्टी सावरली, वरच्या कोनाड्यापर्यंत हात नेला आणि उरलेलं एकेक भांडं खाली काढलं. नाव वाचायचं आणि त्या बाईच्या हातात द्यायचं.

"सूनबाई!"

तिनं वाचणं थांबवलं नाही. कोनाडे रिकामे झाले. कुंकू मात्र कुणी लावून घेतलं नाही. शिवलीलानं जाताना करंडा बोटानं बाजूला सारला. "ठिव तुझ्याजवळ."

रविवारी शाळेत रांग लागली. महानंदाच्या पुढं जागा सुटली होती आणि मागंही. कापडाच्या आडोशात सृष्टीनं कागदाकडे हात केला. महानंदानं तो हलकेच धरून ठेवला, आणि शिक्का मारला.

घरी बब्रुवान ओसरीवर बसले होते.

"कुठं मारला?"

कुणालाच कळणार नव्हतं. घडी घालून पेटीत टाकलेला कागद. 'उभीवर' एवढं म्हटलं असतं, तर ताटात भाकरी पडली असती.

"आडवीवर, आबा."

ते उठले, घरात गेले आणि आतून कडी घातली. अंधार पडायच्या आत शाळेकडून हलगी वाजली, बायकांचा ओरडा आला. आडवी बाटली. ती खोली गेली. खळगे गेले, काचा गेल्या. महानंदा रडली असती, पण सृष्टीनं आधी भोकाड पसरलं.

पायरीवर बसून महानंदानं पदर ओढला आणि लेकीला पाजायला घेतलं. हलगी गल्लीतून जवळ आली. दारासमोरून जाताना बायकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. सृष्टी आवाजानं दचकली, स्तन सोडून रस्त्याकडे बघू लागली. महानंदानं तिच्या कानावर हात धरला. "पी गं बाई," ती म्हणाली, "पी."