मेहुण्याचा कॅमेरा

फोटोवाल्याला जगात एकाच माणसाचा हेवा वाटायचा, आणि तो माणूस नेमका त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ होता. दुसरा कोणी असता तर त्याच्यापासून चार हात लांब राहता आलं असतं. मेहुण्यापासून कसं राहणार?

मेहुण्याचं औषधांचं दुकान होतं आणि ते बरं चालायचं. स्वभाव असा गोड, की कोणी वैर धरायचं म्हटलं तरी धरायला जागा सापडू नये. फोटोवाल्याचा स्टुडिओ त्या दुकानापासून दोन रस्ते सोडून होता. पंचवीस वर्षं त्यानं लग्नांचे आणि शाळांच्या वर्गांचे फोटो काढले. पुढं प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला, आणि उरले ते अर्जांना चिकटवायचे फोटो. ‘हनुवटी वर. कान दिसू द्या. हसू नका.’ दिवसभर लोकांना हसू नका सांगणाऱ्या माणसाचं तोंड व्हायचं तसंच त्याचंही झालं होतं.

एका दुपारी मेहुणा स्टुडिओत आला आणि पार्श्वभूमीच्या निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसला.

“भाऊजी, कॅमेरा घ्यायचाय. पोरीच्या मॅचचे फोटो काढायचेत.”

पोरगी सोळा वर्षांची, टेबल टेनिस खेळायची. यंदा मोठ्या गटात निवड झाली होती. घरात सगळ्यांनाच तिचं कौतुक होतं. फोटोवाल्यालाही होतं, कारण ती त्याला ‘आतोबा’ म्हणून अशी हाक मारायची की दिवसाचा शीण जावा.

“मोबाईलमध्ये नुसती रेघ येते तिची,” मेहुणा म्हणाला. “इंटरनेटवर वाचायला गेलो, तर सतरा जण सतरा गोष्टी सांगतात. डोकं भणभणलं. तुम्ही बोट ठेवाल तो घेतो. पैशाकडे बघू नका.”

ते शेवटचं वाक्य मेहुण्यानं अगदी सहज म्हटलं होतं. फोटोवाल्याला ते नखात काडी शिरावी तसं लागलं. त्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्याला बारा वर्षं झाली होती. मुठीकडचं रबर सुटलं होतं, ते त्यानं चपला चिकटवायच्या गोंदानं चिकटवलं होतं.

दोघं कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. काउंटरमागे चष्मेवाल्या बाई होत्या, आपल्या कामात तरबेज. त्यांनी नव्या पद्धतीचा, आत आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा काढून आधी फोटोवाल्याच्याच हातात दिला. त्यानं तो डोळ्याला लावला. आतल्या पडद्यावर एक हिरवी चौकट उमटली, बाईंच्या चष्म्याआडच्या डोळ्यावर जाऊन बसली आणि बाई हलल्या तशी त्यांच्याबरोबर हलू लागली. ज्या गोष्टीसाठी त्यानं पंचवीस वर्षं मान मोडली, श्वास रोखला, ती हे यंत्र आपलं आपण करत होतं. आणि हे यंत्र जाणार कुणाकडे? ज्याला शटर कशाशी खातात ते माहीत नाही, त्याच्याकडे.

“लेन्स कोणती देऊ?” बाईंनी विचारलं. समोर दोन ठेवल्या होत्या. एक आखूड, जाडजूड, रुंद तोंडाची. दुसरी हलकी, बाहेर ओढली की लांबच लांब होणारी. “काढायचं काय आहे त्यावर ठरेल.”

मेहुण्यानं तोंड उघडण्याआधीच फोटोवाला बोलला, “घरगुतीच. थोडं लांबचं, थोडं जवळचं.”

“मग ही लांब घ्या. एकीत सगळं येतं.”

“भाऊजी?” मेहुण्यानं विचारलं.

बंद हॉलमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात, सेकंदाच्या हजाराव्या भागात पळणारा चेंडू. तिथं रुंद तोंडाचीच लेन्स हवी. ती उजेड भरपूर आत घेते, म्हणून शटर झटकन उघडून मिटता येतं. लांब ओढायच्या लेन्सचं तोंड अरुंद. हॉलमध्ये ती आंधळी. हे फोटोवाल्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

“लांबचीच घे,” तो म्हणाला. “खेळाडू लांब असतात ना.”

बोलून गेला. बरं वाटलं त्याला. खोटं कशाला सांगा, बरंच वाटलं.

स्पर्धेला सगळे गेले. हॉलमध्ये सहा टेबलं, चेंडूंची टकटक, बुटांची करकर. मेहुणा पुढच्या रांगेत कॅमेरा सरसावून बसला, शेजारी फोटोवाला, पलीकडे त्याची बायको. पहिल्या सामन्यानंतर मेहुण्यानं मागचा पडदा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. टेबल स्पष्ट, जाळी स्पष्ट, आणि टेबलामागे पोरीच्या जागी निळ्या कपड्यांचा धूर.

“भाऊजी, हे असं का?”

“हात हलतोय तुझा. स्थिर धर.”

दुसऱ्या सामन्यात मेहुण्यानं कोपर गुडघ्यावर टेकवून, श्वास धरून फोटो काढले. पुन्हा धूर.

“आयएसओ वाढव, कमी उजेडातही चालेल,” फोटोवाल्यानं सांगितलं. वाढवला, तर फोटोभर वाळू फेकल्यासारखे ठिपके आले आणि चेहरा तरीही पुसटच. “सरावानं जमतं. एका दिवसात कोणी शिकत नाही.”

उपांत्य सामना पोरीनं पाचव्या गेममध्ये जिंकला. शेवटचा गुण मिळताच दोन्ही हात वर करून तिनं अशी उडी मारली की अख्खा हॉल हसला. मेहुण्यानं बटण दाबूनच धरलं होतं. मग पोरगी घामाघूम धावत आली आणि पडद्यात डोकावली. “बाबा, ह्यात मी कुठंय?” म्हणाली आणि स्वतःच खिदळली. मेहुणाही हसला. “यंत्र चांगलंय गं, चालवणारा गाढव आहे.”

अंतिम सामना ती हरली, पण सगळे खुशीत परतले. फोटोवाला तर सगळ्यांत जास्त. त्या रात्री जेवताना तो दोन घास जास्त जेवला.

तीन महिन्यांनी पोरीचं मनगट दुखायला लागलं. आधी मलम, मग पट्टी, मग मोठा डॉक्टर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शौक म्हणून खेळ, स्पर्धा विसर. घर आठवडाभर सुतकी झालं. बॅट कपाटात गेली आणि मेहुण्याच्या कॅमेऱ्याला काम उरलं नाही.

पण मेहुणा गप्प बसणारा नव्हता. तो रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन वडिलांकडे जाऊ लागला. म्हातारा, म्हणजे फोटोवाल्याचा सासरा, उभी हयात शिवणयंत्रावर बसलेला शिंपी. कॅमेरा बघितला की त्याचं तोंड कुलपासारखं बंद व्हायचं. फोटोवाल्यानं त्याला तीनदा स्टुडिओत आणलं होतं, दिवे लावले होते, खांदे सरळ केले होते, आणि तिन्ही वेळा आलेला फोटो ओळखपत्रावर लावावा असा होता.

एका संध्याकाळी बायको मोबाईल घेऊन स्वयंपाकघरातून आली. डोळे भरलेले.

“अहो, बघा ना भावानं काय काढलंय.”

खिडकीपाशी सासरा बसला होता. सकाळचा उजेड एका गालावर. सुईत दोरा ओवायला त्यानं दोऱ्याचं टोक ओठांत धरलं होतं, एक डोळा बारीक केला होता, आणि ओठांच्या कडेला नुकतंच काहीतरी मिश्कील बोलून गेल्याची खूण. माणूस जसा होता तसाच्या तसा.

फोटोवाल्यानं फोटो पाहिला. छातीत कोणी कात्री फिरवावी तसं झालं.

“मागं बादली आलीय,” तो म्हणाला.

“आली तर आली.”

“डोक्याच्या वर जागा जास्त सुटलीय. कापायला हवी.”

बायकोनं मोबाईल काढून घेतला. “माझे बाबा आहेत ते,” ती म्हणाली. “तुम्हाला बादलीच दिसली?”

त्याच्या फोटोकडे बघून बायकोचे डोळे शेवटचे कधी भरले होते, हे त्यानं आठवून पाहिलं. आठवलं नाही. रात्रभर तो कूस बदलत राहिला, आणि त्याला स्वतःच्याच डावाचं हसूही आलं नाही: लांबची, आंधळी लेन्स दिली, तर पठ्ठ्यानं खिडकीच्या उजेडाशी नेऊन तिलाही डोळे दिले!

आठवड्यानं मेहुणा मेमरी कार्ड घेऊन स्टुडिओत आला. बाबांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. फोटोवाल्यानं कार्ड संगणकात घातलं, फोटो उघडला आणि मोठा करत नेला. चूक सापडावी म्हणून नेला. पापणीचा केस न् केस सुटा होता, दोऱ्याचा पीळ दिसत होता. रंग थोडे फिके करावे, कडा जरा जास्त तीक्ष्ण कराव्या, की चेहरा लाकडी होईल आणि कोणाला कळणारही नाही, असा विचार त्याच्या मनात आला. हात माऊसवर होता. पण सासऱ्याचा तो बारीक केलेला डोळा समोर होता. त्यानं काही न करता फोटो छपाईला सोडला.

“आणि भाऊजी, कार्डावरचे ते टेबल टेनिसचे पुसून टाका,” मेहुणा म्हणाला. “चारशे आहेत. एकातही पोरीचं तोंड नाही. आता ती काही पुन्हा खेळायची नाही. माझ्या हाताचा नाकर्तेपणा तिला कशाला दाखवत बसू?”

फोटोवाल्यानं फोल्डर उघडला. निळा धूर. पुन्हा निळा धूर. मग ती उडी: दोन हात, आणि मधे चेहऱ्याच्या जागी एक फराटा. असं चारशे वेळा. ती उडी आता पुन्हा होणार नव्हती.

“तुझ्या हाताचा दोष नव्हता,” तो म्हणाला.

“असू द्या हो. बरं वाटावं म्हणून...”

“बरं वाटावं म्हणून नाही सांगत. लेन्स चुकीची होती. तिथं ती दुसरी लागते, जाडी. मला माहीत होतं.”

मेहुण्याला आधी कळलंच नाही. “नंतर कळलं तुम्हाला?”

“दुकानातच माहीत होतं.”

छपाईचं यंत्र घरघरत राहिलं. मेहुणा उभा राहिला.

“मग का?”

“जळलो. तुझ्या हातात तो कॅमेरा बघून जळलो, दुसरं काही नाही.”

“माझ्याकडे मागायचा होता ना! दिला असता.”

“म्हणूनच जास्त जळलो.”

मेहुणा कधी आवाज चढवायचा नाही, तेव्हाही चढवला नाही. “शेजारी बसून मला हात स्थिर ठेव म्हणत होतात,” एवढंच बोलला. कार्ड उचललं आणि निघून गेला. वडिलांचा फोटो तसाच यंत्राच्या तोंडाशी राहिला.

घरी फोटोवाल्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. “उद्या तो फोटो मीच नेऊन देते,” म्हणाली आणि दोन दिवस कामापुरतंच बोलली.

महिनाभरानं पोरगी आली, कॉलेजच्या अर्जाला फोटो हवा म्हणून. स्टुलावर बसली, हनुवटी वर केली. तिला सगळं कळलं होतं, हे तोंडावरूनच दिसत होतं.

“तूही रागावलीस?” त्यानं कॅमेऱ्याआडून विचारलं.

तिनं जरा विचार केला. “मला त्या मॅचचा एक तरी हवा होता, आतोबा. बाकी काही नाही.” मग म्हणाली, “काढा ना, मान अवघडली.”

ती गेल्यावर फोटोवाल्यानं शटर ओढून स्टुडिओ बंद केला. भर दुपारी, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. स्पर्धेच्या संयोजकांकडून खेळाडूंची यादी मिळवली आणि घरोघर फिरू लागला. त्या दिवशी तुम्ही फोटो काढले होते का? समोरच्या बाजूची, निळ्या कपड्यांतली मुलगी कुठं आलीय का? कोणी दारातूनच वाटेला लावलं, कोणी चहा देऊन मोबाईलवरचे धूर दाखवले. एका प्रशिक्षकानं विचारलं, “तुम्ही स्वतः फोटोग्राफर ना? मग तुम्ही नाही काढले?” त्यानं यादीतलं पुढचं नाव शोधलं.

अकराव्या घरी, उपांत्य सामना हरलेल्या मुलीची मावशी भेटली. दातांची डॉक्टर, फोटोंचा नाद. तिच्याकडे तीच जाडी लेन्स होती. भाचीचे फोटो काढता काढता शेवटच्या गुणाला तिचा फोकस टेबलापलीकडे गेला होता. “माझा वायाच गेला तो,” म्हणत तिनं पडद्यावर फोटो आणला. पुढं हरलेल्या मुलीची पाठ, पुसट. मागं पोरगी जमिनीपासून हातभर वर, तोंड उघडं, डोळे मिटलेले, कपाळावरचा घामाचा थेंब निखळायच्या बेतात.

त्यानं तो छापला आणि औषधांच्या दुकानात नेला. मेहुण्यानं गिऱ्हाइकाला आधी गोळ्या दिल्या, मग हात पुसून फोटो घेतला. दाराकडच्या उजेडात धरला.

“कोणी काढला?”

“दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी.”

“सुंदर काढलाय.”

“हो,” फोटोवाला म्हणाला. आणि तेव्हाही, अगदी तेव्हाही, त्याला त्या बाईंचा बारीकसा हेवा वाटून गेला. तो त्यानं कोणाला दाखवला नाही.

मेहुणा पुन्हा बोलू लागला, घरी येऊ लागला. पुढं त्यानं खास चेहऱ्यांसाठी म्हणून एक छोटी लेन्स घेतली. घेताना फोटोवाल्याला विचारलं नाही. घेतल्यावर मात्र आणून दाखवली. फोटोवाल्यानं उलटसुलट करून पाहिली.

“बरोबर घेतलीस.”

“माहितीये,” मेहुणा म्हणाला, आणि लेन्स परत घेण्यासाठी त्यानं हात पुढं केला.