फोरमनचा उजवा कान

मी बोलतोय. तसं पाहिलं तर बोलणं माझ्या कामात बसत नाही. माझं काम ऐकायचं आणि ऐकलेलं मोठं करून पुढे पोचवायचं. मी कानात घालायचं यंत्र आहे, शेंगदाण्याएवढं. डॉक्टर मला श्रवणयंत्र म्हणतात, दुकानदार मशीन म्हणतात, आणि ज्यांच्या कानात माझा मुक्काम आहे ते कित्येक दिवस मला "ते लचांड" म्हणत असत.

माझा जन्म एका स्वच्छ, थंड खोलीत झाला. डोक्याला टोप्या आणि डोळ्याला भिंगं लावलेली माणसं तिथे वाकून काम करायची आणि एकमेकांशी अगदी हळू बोलायची. सगळं जग असंच हळू बोलत असेल असा माझा समज झाला. तो फार दिवस टिकला नाही.

तिथून मी कानाच्या दवाखान्यात आलो. तिथल्या मुलीने एका गृहस्थांच्या उजव्या कानात मऊ लगदा भरून साचा काढला आणि त्या मापाचं माझं आवरण बनवलं. गृहस्थांच्या शेजारी त्यांची पत्नी बसली होती. त्या शिवणकाम करणाऱ्या. माप घेणं चाललेलं पाहून त्या म्हणाल्या, "थोडं सैल ठेवा हं. रोज घालायचंय." मला त्या तेव्हाच आवडल्या. त्या माझ्या मालकीणबाई.

मालक छापखान्यात फोरमन होते. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणायचे. उभा जन्म छपाईच्या यंत्रांजवळ गेला आणि त्या धडधडाटाने त्यांचा डावा कान पार नेला, उजवा अर्धामुर्धा ठेवला. पण हे त्यांना मान्य असेल तर शपथ. "मला सगळं ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात," असं ते म्हणायचे, तेही शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"मशीननं कान नेला, आता मशीननंच आणून द्यायचा काय?" असं म्हणून त्यांनी मला खणात टाकलं. तिथे जुन्या किल्ल्या, सुटी बटणं आणि बंद पडलेलं घड्याळ होतं. मला राग आला होता, आता लपवत नाही. ऐकायला जन्माला यायचं आणि बटणांच्या शेजारी गप्प पडून राहायचं, हे कुणाला आवडेल?

खणाच्या फटीतून घरातलं थोडंफार कानावर यायचं. मालकीणबाई मूळच्या बोलक्या. गिऱ्हाईक आलं की त्यांची गोष्ट संपता संपत नसे. फोरमनशी मात्र त्या एकेका शब्दात बोलायच्या. "जेवा." "गोळी." "दार लावा." त्यांनी काही लांबलचक सांगायला घ्यावं, यांनी "काय?" म्हणावं, त्यांनी पुन्हा सांगावं, यांनी पुन्हा "काय?" म्हणावं, की त्या म्हणायच्या, "काही नाही." ज्याला ऐकू येत नाही त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त वेळा येणारे शब्द हेच. त्या घरात इतकी वर्षं किती गोष्टी "काही नाही"च्या खाली गाडल्या गेल्या असतील, देव जाणे.

मग लेकीने दोघांना जहाजाच्या सहलीला पाठवलं. चांगलं मोठं जहाज, मजल्यावर मजले. सामान भरताना लेकीने मला हळूच वडिलांच्या दाढीच्या डब्यात ठेवलं. जहाज सुटलं आणि फोरमननी आपणहून मला कानात घातलं. कारण विचाराल तर त्यांना जहाजाचं इंजिन कसं वाजतं ते ऐकायचं होतं. "इंजिन तब्येतीनं चाललंय," ते खूश होऊन म्हणाले. मीही खूश झालो.

पहिल्या संध्याकाळी खालच्या मोठ्या हॉलमध्ये जेवण होतं. गोल टेबल, पांढराशुभ्र कपडा, प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली आणि प्रत्येकापुढे हत्यारांसारखी मांडलेली काट्या-चमच्यांची रांग. मालकीणबाईंची जागा नेमकी फोरमनच्या डाव्या हाताला आली, म्हणजे मेलेल्या कानाच्या बाजूला. उजवीकडे, हातभर अंतरावर, एक व्हायोलिनवाला उभा होता.

माझा एक दोष आहे. मला आपलं-परकं कळत नाही. माणसाचा शब्द असो, काट्याचा बशीवर खण्ण असो की व्हायोलिन असो, मी सगळं सारख्याच इमानाने कानात नेऊन ओततो. वेटरने मागून विचारलं, "सूप घेणार की सॅलड?" फोरमन म्हणाले, "हो." त्याने पुन्हा विचारलं. फोरमन हसून म्हणाले, "हो, हो." वेटर भला होता, त्याने दोन्ही आणून ठेवलं.

समोर एक उंच, शांत गृहस्थ बसले होते. ते दातांचे डॉक्टर. आयुष्यभर ज्यांना तोंड उघडूनही बोलता येत नाही अशा माणसांत काम केल्यामुळे असेल, त्यांचा आवाज फार खालचा होता. कुणीतरी त्यांना विचारलं, "एकटेच आलात?" ते म्हणाले, "पूर्वी दोघं यायचो. माझी ही गेली. दोन वर्षं झाली."

तेवढ्यात व्हायोलिन वर चढलं. फोरमनपर्यंत पोचलं ते एवढंच, "माझी ही गेली." बाकीचं त्यांनी आपल्या मनाने जुळवलं. बायको उठून वर डेकवर गेली असणार. छापखान्यातला ठेवणीतला आवाज काढून ते हसत म्हणाले, "गेली तर जाऊ द्या हो. बायकांना मोकळी हवा लागते. येईल फिरून."

टेबलावरचे सगळे चमचे थांबले. व्हायोलिनही नेमकं तेव्हाच संपलं. मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं, पण कुणी काही बोलतच नव्हतं.

"काय झालं?" फोरमननी बायकोकडे वळून विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

खोलीत आल्यावरही त्यांनी तेच विचारलं आणि त्यांना तेच उत्तर मिळालं. फोरमन काही दुधखुळे नव्हते. आपल्या हातून काहीतरी घडलंय एवढं त्यांना कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. त्यांनी मला काढलं आणि डबीत ठेवलं. "उद्यापासून मी खोलीतच जेवेन," ते म्हणाले. "तू जात जा. मला माणसांत बसायचं नाही." डबीचं झाकण लागलं. आता परत खण, किल्ल्या आणि बटणं, हे मी मनाशी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकीणबाई म्हणाल्या, "मीही नाही जायची खाली. ते नटणं, ते चार-चार काटे. जीव मेटाकुटीला येतो. वर बुफे आहे म्हणे. हातात बशी घ्यायची, हवं ते वाढून घ्यायचं, हवं तिथे बसायचं."

"तुला तर खालचं आवडलं होतं."

"मला? छे, काहीतरीच."

ती बाई धादांत खोटं बोलत होती आणि ते मला ठाऊक होतं. प्रवासाला निघायच्या आधी कितीतरी दुपारी खपून त्यांनी एक निळा रेशमी ड्रेस शिवला होता. गळ्यापाशी बारीक काचेचे मणी होते, एकेक हाताने टाचलेला. खालच्या हॉलमध्ये शेवटच्या संध्याकाळी सगळे झाडून नटून येतात, त्या जेवणासाठी तो होता. खणात पडल्या-पडल्या मी ते मणी वाटीत पडताना ऐकले होते.

वरचा बुफे म्हणजे लांबच लांब टेबलं, वाफाळणारी भांडी आणि त्यांच्याभोवती चपला फटफटवत हिंडणारी माणसं. एकाच्या बशीत डोंगर, एका बाईच्या बशीत नुसतं कलिंगड. एक आजोबा गोडापासून सुरुवात करून सूपकडे उलटे येत होते आणि त्यांना कुणी अडवत नव्हतं. मला ती जागा पर्समधल्या डबीतूनसुद्धा आवडली. तिथे कानाचं काम नव्हतंच, डोळ्यांनी बघायचं आणि हाताने घ्यायचं. फोरमनना कुणी सूप की सॅलड विचारलं नाही.

मालकीणबाईंनी मात्र पदार्थांकडे लगेच पाहिलं नाही. हातात रिकामी बशी घेऊन त्यांनी आधी सगळा हॉल पालथा घातला. कॉफीच्या यंत्राजवळचं टेबल नको, खरकट्या बश्या टाकतात तिथलं नको, गाणी वाजतात त्या खांबाजवळचं नको. कापडाचा आडवा-उभा धागा बघावा तसं त्या बघत होत्या. शेवटी अगदी टोकाला, काचेच्या भिंतीपाशी एक टेबल त्यांना पसंत पडलं. त्यांनी फोरमनना असं बसवलं की डावा कान काचेकडे जाईल, आणि स्वतः उजवीकडची खुर्ची ओढून बसल्या. एवढी अक्कल माझ्यात भरायला माझ्या कारखान्याला जमलं नव्हतं.

मग पर्समधून माझी डबी काढून त्या म्हणाल्या, "घाला ते लचांड कानात. मला एक गोष्ट सांगायचीय आणि ती लांबलचक आहे."

गोष्ट एका गिऱ्हाइकाची होती. मालकीणबाईंनी तिच्या कोटाची कॉलर चुकून उलटी लावली, आणि ती बाई तोच कोट घालून लग्नाला जाऊन आली, तर चार जणी तशीच कॉलर मागायला दारात हजर. फोरमन इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"हे कधी झालं?"

"लेक चौथीत होती तेव्हा."

"मला बोलली नाहीस."

"बोलले होते की. तुम्ही 'हो' म्हणालात."

फोरमननी आपली खुर्ची त्यांच्याकडे ओढली. मग म्हणाले, "अजून काय काय बोलली होतीस?"

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच टेबल. मालकीणबाई बोलायच्या, एकेका शब्दात नाही, चांगल्या लांब, वळणं घेत जाणाऱ्या वाक्यांत. बशीतलं जेवण निवून जायचं, मग पुन्हा उठून गरम आणायचं. बुफेत तेवढं सुख असतं. आवाज पोचवणारी यंत्रं माझ्यासारखी पुष्कळ असतील, पण नवरा माणसांतून उठून जाऊ नये म्हणून आपली हौस गुपचूप कपाटात टांगून ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

अशाच एका संध्याकाळी दातांचे डॉक्टर हातात बशी घेऊन टेबलापाशी आले. "बसू का, वहिनी?" मालकीणबाई गडबडल्या, पण "बसा ना" म्हणाल्या. डॉक्टरांच्या बशीत दोन पाव होते आणि वाट्याही दोन, दोन्हींत पुडिंग.

"भूक चांगली दिसते," फोरमन म्हणाले.

"सवय आहे," डॉक्टर म्हणाले. "ही वारल्यापासून दोन वर्षं झाली. अजून हात दोन-दोनच घेतो."

इथे व्हायोलिन नव्हतं. प्रत्येक शब्द मी जसाच्या तसा कानात नेला आणि कधी नव्हे ते मला वाटलं, नेला नसता तर बरं. फोरमननी चमचा खाली ठेवला. ते सावकाश बायकोकडे वळले. "त्या दिवशी यांनी हेच सांगितलं होतं? मग मी काय बोललो?"

"काही..." मालकीणबाई म्हणाल्या आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला.

"'येईल फिरून,' असं म्हणालात," डॉक्टर म्हणाले.

फोरमनचा चेहरा उतरला. मान खाली घालून ते म्हणाले, "माफ करा मला. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही हळू आवाजात. मालकीणबाईंनी टेबलाखाली त्यांचा हात धरला.

डॉक्टर म्हणाले, "माफी कसली मागता? दोन वर्षं झाली, तिचा विषय निघाला की लोक आवाज खाली आणतात. तुम्ही एकटे तिच्याबद्दल मोठ्यानं बोललात, आत्ता इथून उठून गेल्यासारखं. मी खोलीत गेलो आणि हसलो. येईल फिरून म्हणे. ती असती तर तीही हसली असती." आणि त्यांनी पुडिंगची दुसरी वाटी फोरमनपुढे सरकवली. फोरमननी ती निमूटपणे संपवली.

शेवटची संध्याकाळ आली. खोलीत मालकीणबाईंनी कपाट उघडलं, रोजचा साधा ड्रेस काढला आणि दार लावलं. दार लागताना आत रोज काहीतरी बारीक किणकिणायचं, त्या आवाजाची मी वाटच पाहत होतो. रोज पोचवत होतो तसा तो पुढे पोचवला.

"हे काय वाजतं गं रोज कपाटात?" फोरमननी विचारलं.

"काही नाही."

"आता 'काही नाही' म्हणायचं नाही. काय वाजतं?"

त्या म्हणाल्या, "मणी आहेत. निळ्या ड्रेसचे."

"मग घाल तो."

"अहो, पण खाली मला खरंच..."

"खाली कोण म्हणतंय?" फोरमन टाय शोधायला लागले.

त्या संध्याकाळी बुफेतल्या चपला, हाफ पँटी आणि ओल्या केसांमधून एक जोडपं चालत गेलं. फोरमन कोट-टायमध्ये, एका हातात बशी, दुसऱ्या हातात पुडिंगची वाटी. मालकीणबाई निळ्या रेशमात, पावलागणिक मणी वाजवत. कलिंगडवाली बाई घास तोंडाशी नेता नेता थांबली. डॉक्टर आधीच टोकाच्या टेबलाशी येऊन बसले होते. त्यांना पाहून ते उठून उभे राहिले आणि त्यांनी वहिनींसाठी खुर्ची ओढली. न विचारता, उजवीकडची.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. माझा रंग विटलाय, अधूनमधून मी शीळ घालतो, आणि दवाखान्यातली मुलगी म्हणते की नवीन आलेली यंत्रं व्हायोलिन बाजूला सारून माणसाचाच आवाज तेवढा पोचवतात. पोचवत असतील. लवकरच मी पुन्हा खणात जाईन, बटणांच्या शेजारी. या वेळी मला राग येणार नाही.

घरीही हल्ली बुफेच असतो. भांडी ओट्यावर, ज्याने त्याने वाढून घ्यायचं, मालकीणबाईंनी उजवीकडे बसायचं. कालचीच गोष्ट. त्या ओट्यापाशी उभ्या राहून काहीतरी बोलल्या. नळ चालू होता, मला पाण्याशिवाय काही पकडता आलं नाही.

"काय म्हणालीस?" फोरमननी विचारलं.

तुमच्या घरीही कुणीतरी असं विचारत असेल. तेव्हा मालकीणबाईंनी काय केलं तेवढं आठवा. त्यांनी नळ बंद केला. हात पुसले. येऊन उजवीकडच्या खुर्चीवर बसल्या आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

गोष्ट साधीच होती, शिवणाच्या सुईची. पण लांब होती.