पडलेला गडी

“बास झालं की आता. हिरीला काय दिवसभर वारा घालत बसनार हायेस?”

हे मी म्हणालो. कानिफनाथ नाही, मी.

तिसगावच्या शिवारात मनकर्णाबाईंच्या विहिरीवर माझा भागीदार कानिफ वाकला होता आणि दोरीला बांधलेला लिंबाचा डहाळा खालवर करत होता. विहिरीच्या आतल्या टप्प्यावर डिझेल इंजन उतरवून दोन तास पाणी उपसलं, की त्याच्या धुराचा विषारी वायू आतच बसतो. दिसत मात्र काही नाही. म्हणून डहाळा शंभर वेळा खाली सोडून वर ओढायचा, आतली हवा हलवायची, मगच माणसानं उतरायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. कानिफ आकडे मोठ्यानं म्हणायचा. त्या दिवशी तो तीसवर होता.

घाई मला होती, आणि ती कशाची होती हे सांगायला आज जीभ रेटत नाही. दुकानात जाऊन गेम संपवायचा होता.

आम्ही दोघं बेचाळिशीतले बाप्ये. वीस वर्षं भागीत जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेनं पुन्हा भरायचं दुकान चालवलं. कानिफ दोन वर्षांपूर्वी भिंगारला तांब्याची तार आणायला गेला आणि टेम्पोत घालून एक जुना कॉम्प्युटर घेऊन आला. कुठलंसं नेट कॅफे बंद पडलं होतं. “बिलं करू यावर,” म्हणाला. बिल एकही झालं नाही. त्यात आधीच एक बंदुकांचा गेम होता, दोघांनी मिळून खेळायचा. शेतीची लाईट नसली की कुणाची मोटार जळत नाही आणि आमच्याकडं कुणी फिरकत नाही. गावठाणची लाईट मात्र असते. मग शटर अर्धं ओढून आम्ही बसायचो.

त्या गेमचा पहिला भाग मला काही फार रुचला नाही. मग कानिफनं दुसरा आणला आणि मी पुरता कामातून गेलो. मी विचारलं, ह्यात असं काय वेगळं आहे रे? कानिफनं हातातला पाना खाली ठेवला आणि मास्तरासारखं समजावलं.

“पैल्यात नुसत्या बंदुका हुत्या, रंग्या. ह्याच्यात मान्सं हायती. आन प्रत्येकाला काय ना काय खोड हाय.”

खरंच होतं ते. एक दुकानदार होता, तो माल विकता विकता गिऱ्हाइकाची अक्कल काढायचा. एक बंदूक प्रत्येक बाराला शिंकायची. शत्रू मेला की त्याच्या अंगातून वस्तूंचा ढीग सांडायचा आणि त्यात काय निघेल ते देवालाही ठाऊक नसायचं. निम्मं भंगार. पण खोकं उघडताना छातीत जी धडधड व्हायची, ती जळालेली मोटार खोलताना कधी झाली नाही. आपण मेलो तरी गेम रडत बसायचा नाही. टोमणा मारून पुन्हा उभं करायचा. दिवसभर काळ्या ऑइलात हात घालणाऱ्याला एवढी थट्टा पुष्कळ झाली.

सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे जोडीदार. एक गडी पडला की त्याच्या डोक्यावर आकडे उलटे उतरायला लागायचे. ते संपायच्या आत दुसऱ्यानं पळत जायचं आणि बटण दाबून धरायचं, की पडलेला उठला. कानिफनं मला किती वेळा उचललं याचा हिशेब नाही. मी आंधळ्यासारखा घुसायचो आणि तो शिव्या घालत धावत यायचा.

सगळं बोलणं इंग्रजीत. मला ते येत नाही, म्हणून कानिफ मराठीत सांगायचा. त्यातला मुख्य खलनायक म्हणे सारखा आपल्या सासऱ्याची गाऱ्हाणी सांगतो. मी पोट धरून हसायचो. एकदा कानिफची बायको सुकन्या डबा घेऊन आली. बारावी शिकलेली बाई. दोन मिनिटं उभ्यानं ऐकत राहिली.

“आवो, तो सासऱ्याचं काय म्हनत न्हाई,” ती म्हणाली. “म्हनतोय, एकेकाला वेचून मारीन, आन जोडीदाराला नुसतं बघायला लावीन.”

“तुझ्या मास्तरनं इंग्रजी चुकीचं शिकवलं,” कानिफ म्हणाला आणि आम्ही तिघंही हसलो. मला मात्र मनातून जरा बरं वाटलं नाही. गेमला घाबरतोस का, म्हणून मी स्वतःलाच हसलो.

त्या दिवशी आम्ही शेवटच्या लढाईपाशी येऊन थांबलो होतो. सकाळी मनकर्णाबाईंचा निरोप आला, पाण्यातली मोटार गाळात रुतली, कांदा वाळतोय. शेतीची लाईट नव्हती, म्हणून इंजन उतरवून दोन तास पाणी उपसलं; आता मोटार साखळीनं वर ओढायची होती. दुपारपर्यंत काम उरकलं तर शेतीची लाईट यायच्या आत खेळ संपला असता. म्हणून मी म्हणालो, बास झालं.

कानिफनं डहाळा वर ओढून घेतला. पानं जरा मलूल वाटली. उन्हानं असेल, असं मी धरून चाललो.

“साखळी आडकवतो, तू वढ,” असं म्हणून तो लोखंडी पायऱ्यांनी उतरला. टप्प्यावर पोचल्यावर म्हणाला, “रंग्या, हितं लई उबारा हाय.” मग इंजनाला टेकून बसला. मला वाटलं, दम खातोय. मी हाक मारली. त्यानं एक हात वर केला. ये म्हणत होता की येऊ नको, ते मला आजही ठरवता येत नाही. मग तो हळूच कुशीवर कलंडला.

माझे पाय आपोआप पायऱ्यांवर गेले. पडला की पळायचं आणि उचलायचं, दोन वर्षांत अंगाला तेवढंच वळण लागलं होतं. चार पायऱ्या उतरलो. डोकं गरगरलं. ते खरं आहे. पण त्याच्या आधीच मला भीती वाटली होती, हेही खरं आहे.

मनकर्णाबाईंनी वरून माझी कॉलर धरली. म्हातारी जीव खाऊन ओढत होती.

“वर ये, मुडद्या. तू बी जाशील. मंग त्याला कोन काढनार?”

मी वर आलो. काठावर पालथा पडून त्याचं नाव घेत राहिलो. माणसं जमली. तोंडाला नळी लावलेले अग्निशमनचे लोक गाडी घेऊन आले त्याला पाऊण तास लागला. तोवर मी नुसता बघत होतो.

कानिफची माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी सुकन्यावहिनींच्या पुढ्यात जाऊन बसलो. घरात बायका होत्या. मी सगळं सांगितलं. डहाळा शंभर वेळा हलवायचा होता, तिसावर मी थांबवला. गेमसाठी थांबवला. उतरलो आणि भिऊन परत आलो.

वहिनी म्हणाली, “तुमी उतरला आसता तर दोन मुडदे निगाले आसते. कळतंय मला, भावजी. पर तुमाला बगितलं की वाटतं, का न्हाई उतरलात. दहाव्यापत्तुर माज्या दारात येऊ नका.”

मी उठलो आणि तडक निघालो. निम्म्या रस्त्यात पाय भाजायला लागले तेव्हा कळलं, चपला तिच्या दारातच राहिल्या होत्या. मागं फिरायची माझी टाप नव्हती.

पुढचे दिवस मी दुकान उघडलं नाही. दुसऱ्या चपला घरात होत्या, पण त्या घालाव्यात असं वाटलं नाही. तळव्याला फोड आले. बायको संध्याकाळी पाय धुवायला गरम पाणी तेवढं ठेवायची.

नवव्या दिवशी सुकन्यावहिनींचा भाऊ वैजनाथ आला. दारातूनच त्यानं पिशवी पुढं केली. आत माझ्या चपला होत्या. चिखल काढून, पुसून ठेवलेल्या.

“आक्कानं दिल्यात,” तो म्हणाला. “म्हनली, उद्या दहाव्याला नदीवर वाळू लई तापती. भावजीला म्हनावं, अनवानी येऊ नका.”