तुळईखालची अक्का

अक्का आठवते ती मान तिरकी करून, छपराकडे कान लावून उभी असलेली. मद्रासच्या मैलापुरात, तळ्यामागच्या आमच्या गल्लीत दुपारचं ऊन पांढरंफेक उतरायचं, कावळेसुद्धा गप्प व्हायचे, आणि त्या नीरवतेत तुळईच्या पोटातून करकर असा अतिसूक्ष्म ध्वनी झिरपू लागायचा. कीड लाकूड खात असे. अक्काच्या हातातला अर्धा गुंफलेला गजरा तसाच राहायचा आणि तिच्या मोठ्या डोळ्यांत भय विहिरीच्या पाण्यासारखं सावकाश चढत जायचं. घरात खोली एक, तुळई एक, आणि तिच्याखाली अर्धांगाने खिळलेल्या आमच्या वडिलांची, अप्पांची खाट. रोज सकाळी त्यांच्या पांघरुणावर पिवळसर भुकटी पडलेली असे. अप्पांना कळू न देता अक्का ती पदराने टिपून घ्यायची.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न तिने केलंच नाही. तंजावर सुटल्यावर अप्पांना घेऊन ती मद्रासला आली आणि गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवून घर चालवू लागली. मी तांबरमला सासरी, अधूनमधून गाडीने येणारी आणि आल्याबरोबर शहाणपण शिकवणारी. नवे पैसे आले होते, पण अण्यांची सवय सुटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गरीब घरमालकांना दुरुस्तीसाठी मदत द्यायचं शहराच्या कारभाऱ्यांनी ठरवलं होतं. मी मागे लागून अक्काला अर्ज करायला लावला, आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली. पलीकडच्या घराची भिंत कलली तेव्हा याच कारभाऱ्यांच्या माणसांनी तिच्यावर लाल खूण करून घर रिकामं करवलं होतं.

“मोडकं दाखिवलं तर हे घर पाडतील, नाही दाखिवलं तर ते आपणच पडंल,” ती आमच्या जुन्या तंजावरी बोलीत म्हणाली. अप्पांना घेऊन जायचं कुठे, हे तिने विचारलं नाही, पण तिची नजर खाटेवरच होती.

मद्रासचा पाऊस आश्विन-कार्तिकात समुद्रावरून येतो. त्याचं जडशीळ ढगाळ सावट छपरावर आलं असतानाच पाहणीचा माणूस यायचा दिवस ठरला. परका माणूस उंबरठा ओलांडणार म्हटल्यावर घर नटवायचं, हे आमच्याकडे रक्तातच. अक्काने भिंतीच्या भेगांत चुना भरला, वर सफेदी केली, देवळासारखे गेरूचे पट्टे ओढले, दारात तांदळाच्या पिठाच्या रांगोळीचं मोठं कोलम घातलं आणि तुळईचं जे टोक सगळ्यात पोखरलेलं, नेमकं त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मी कपाळाला हात लावला. लाज आणि भीती, दोघींनी मिळून ते घर सजवलं होतं.

तो आला. पोक्त, घामाघूम, सौम्य गृहस्थ. खुर्चीत बसून त्याने चहूकडे पाहिलं. अक्काने पुढे ठेवलेल्या कॉफीचा वास खोलीभर दरवळला. घर अगदी छान राखलंय, याहून वाईट घरं पुष्कळ आहेत, असं तो तमिळमध्ये कौतुकाने म्हणाला आणि काही न लिहिताच पेनाला टोपण लावू लागला. अक्का भिंतीसारखीच पांढरी पडली होती. वर करकर चालूच होती. खाली अप्पा डोळे मिटून पडले होते.

मग ती चुलीपाशी गेली, उलथनं घेऊन आली, स्टुलावर चढली. एका हाताने तिने तोरण ओढून काढलं आणि दुसऱ्या हाताने उलथनं तुळईत खुपसलं. शिऱ्यात जावं तसं ते अर्ध्यापर्यंत आत गेलं. भुकटीचा एक झोत खाली आला आणि त्याच्या कॉफीवर बसला.

“याच्याखाली माझे वडील निजतात,” ती तमिळमध्ये म्हणाली.

त्याने टोपण पुन्हा काढलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो निघून गेला. पुढचे कितीतरी दिवस रस्त्यात पावलं वाजली की अक्का लाल खुणेच्या भयाने दाराशी जायची. शेवटी मंजुरी आली, पाठोपाठ सुतार आले, आणि मोठा पाऊस लागायच्या आत नवी तुळई चढली. तिच्याखाली अप्पा आणखी काही वर्षं जगले आणि झोपेतच शांतपणे गेले. अक्काची मान मात्र सरळ झाली नाही. त्या निरोगी लाकडाखालीही ती ऐकत राहिली.

आता अक्का नाही, ते घरही नाही. मी सिमेंटच्या छताखाली राहते. तरी दुपार गप्प झाली की माझी मान आपोआप तिरकी होते आणि काहीच ऐकू येत नाही याचंच भय वाटतं. काळ असाच बारीक आवाज करत माणसं पोखरत असतो. आमच्या वाटचं भिऊन घेणारी अक्का जागी होती, म्हणून आम्ही इतकी वर्षं निर्धास्त झोपलो.